एकट्या आईचे कायक आणि आपले दासोह



या महिन्याच्या निरूपणासाठी शरणी आयदक्की लक्कम्मा यांचे वचन घेतले आहे. पती मारय्या यांनी आणलेला जास्तीचा तांदूळ परत टाकून यावा, असे त्या ज्यात बजावतात, तेच हे वचन. त्याचा पाठ आपल्या नित्यपठणात आहेच, म्हणून येथे केवळ भाव पाहू. आणि भाव पाहता पाहता तो आपल्या आजच्या संसाराला कोठे लागतो, तेही तपासू.

प्रथम प्रसंग. कन्नड भाषेत 'आयदक्की' म्हणजे वेचलेला तांदूळ. कल्याण नगरीत महात्मा बसवेश्वरांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे, हे मारय्यांचे कायक होते. त्या दाण्यांवर लक्कम्मा रांधत आणि जंगमाला अर्पण करून प्रसाद घेत. दांपत्य गरीब होते, पण त्यांचे कायक खंडत नसे. बसवण्णांना त्यांच्याविषयी करुणा वाटली. यांना थोडे अधिक मिळावे, म्हणून एके दिवशी अंगणात नेहमीपेक्षा जास्त तांदूळ सांडला जाईल अशी व्यवस्था झाली. मारय्या जड झालेली झोळी घेऊन घरी आले. लक्कम्मांनी झोळी हातात घेताच वजनावरून ओळखले. हे आपल्या कष्टाचे नाही, हे कोणीतरी आपल्याला गरीब समजून सांडलेले आहे. त्यांनी मारय्यांना आल्या पावली परत पाठविले.

आजवर आम्ही हे वचन अपरिग्रहाच्या अंगाने सांगत आलो. लोभ नको, गरजेपुरतेच घ्यावे, असा त्याचा बोध करीत आलो. तो बोध खराच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू आमच्या ध्यानात फार उशिरा आली. लक्कम्मांचे वचन घेणाऱ्याला जेवढे सांगते, तेवढेच देणाऱ्यालाही सांगते. बसवण्णांचा हेतू निर्मळ होता, तरीही ते देणे लक्कम्मांना नको होते. कारण त्या देण्याने त्यांचे कायक उणे होत होते. ही दुसरी बाजू आम्हाला पोथीत सापडली नाही, ती सौंसरला एका बाळंतिणीने शिकविली. तो प्रसंग सांगतो. त्यातील दोष आमचा आहे, म्हणून संकोच न करता सांगतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. सौंसरला प्रवचनासाठी जाणे झाले. प्रवचन संपल्यावर मागच्या रांगेतील एक तरुण मुलगी पुढे आली. काखेत तीन महिन्यांचे मूल. बाळ पोटात असतानाच पती अपघातात गेलेला. सासर सीमेपलीकडे महाराष्ट्रात, माहेर इकडे. सासरी ठेवून घेतले नाही, म्हणून ती म्हाताऱ्या आईजवळ परत आलेली. तिने नमस्कार केला आणि म्हणाली, "महाराज, कापूस येचाले जातो म्हणलं तं लेकराले कुठी ठेवू? मायले तं दिसत नाही धड. कागद कराले गेलो तं इथं म्हणतात नाव तिथं हाय, अन् तिथं म्हणतात तू तं आता इथची नाहीस."

सद्भक्तहो, तिने काय मागितले, ते नीट ऐका. तिने पैसा मागितला नाही. मूल ठेवायला जागा आणि कागदाला वाट, एवढेच मागितले. आणि आम्ही काय दिले? दुसऱ्या दिवशीच्या समारोपाला तिला व्यासपीठावर बोलाविले, साडी, नारळ आणि अकराशे रुपये दिले. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. ती मान खाली घालून खाली उतरली.

पुढच्या वर्षी पुन्हा जाणे झाले. आम्ही तिची चौकशी केली, तेव्हा तिच्या शेजारच्या एका आजीने सांगितले, "महाराज, ते साडी अजून घडीचीच हाय. नेसली का सारे म्हणतात, हे मठातली." मग कळले, की वेचणीचे दोन महिने ते मूल त्या आजीच सांभाळीत होत्या. सकाळी मूल त्यांच्या ओट्यावर ठेवून ती शेतात जाई. दुपारी आजी मूल कडेवर घेऊन बांधापर्यंत जात, म्हणजे त्याला दूध मिळे. आजींचा कधी सत्कार झाला नाही. पण त्या घरात दासोह झाला तो आजींच्या हातून. आमच्या हातून झाले ते दान, आणि तेही प्रदर्शनाचे.

दान आणि दासोह यांतला हा भेद शरणांनी आवर्जून केला आहे. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. दासोहात देणारा स्वतःला दास मानतो; 'माझे तुला दिले' असे म्हणत नाही, 'ज्याचे त्याला पोचविले' असे म्हणतो. दुसरे असे, की दासोह कायकाला तोडत नाही. ज्या मदतीने घेणाऱ्याचे कायक बंद पडते ती मदत अपुरी. जिने त्याचे अडलेले कायक सुरू होते ती मदत दासोह. ही कसोटी लावून पाहा. त्या मुलीचे कायक साडीवाचून अडले नव्हते. मूल धरायला कोणी नव्हते म्हणून अडले होते.

आता कोणी विचारील, की हा विषय सरकारचा, समाजसेवकांचा. मठाच्या मासिकात त्याचे काय काम? उत्तर आपल्या आचारातच आहे. शरणांनी पाच सूतके नाकारली. जननसूतक नाही, मरणसूतक नाही, रजसूतक नाही, उच्छिष्टाचे नाही, जातीचे नाही. म्हणजेच बाळंतीण आपल्याकडे अपवित्र नाही आणि पतीच्या मृत्यूने स्त्री अमंगळ होत नाही. इतकेच नव्हे, आपल्या परंपरेत मूल आईच्या उदरात असतानाच त्याला लिंगसंस्कार देण्याची रीत आहे. जो समाज जन्माआधीच मुलाला आपले म्हणतो, त्याने जन्मानंतर त्याच्या दुधाची चिंता आईवर एकटीवर सोडावी, हे कसे शोभेल? गर्भात लिंग द्यायचे आणि घरात धान्य आहे की नाही हे विचारायचे नाही, ही आचाराची पूर्तता नव्हे.

आणि अक्का नागम्मांचे स्मरण करा. बसवण्णांची ही थोरली बहीण. बाल बसवण्णांनी घर सोडले, तेव्हा कूडलसंगमाला त्यांच्या पाठीशी अक्काच होत्या. चन्नबसवण्णा हे त्यांचे पुत्र. चन्नबसवण्णांच्या पित्याविषयी ग्रंथकारांत एकवाक्यता नाही; परंतु ते मामाच्या घरी, आईच्या देखरेखीखाली वाढले, हे सर्वच परंपरा सांगतात. त्या मुलाला 'तुझा बाप कोण' असे विचारीत अनुभवमंटपाने दाराबाहेर ठेवले असते तर? तसे झाले नाही. अल्लमप्रभूंनंतर शून्यपीठावर चन्नबसवण्णा बसले. कल्याणवर विपत्ती आली, तेव्हा शरणांना आणि वचनांना घेऊन उळवीच्या वाटेने निघालेल्या मायलेकरांची कथा आपण भक्तीने ऐकतो. आईच्या हातावर वाढलेल्या मुलाला आपल्या पूर्वजांनी धर्माचे सर्वोच्च आसन दिले. आपण निदान त्याच्या आईला कामाची जागा द्यावी.

महाराष्ट्रातही हा विचार कृतीत उतरलेला आहे. १८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे निर्भयपणे बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा तेथे ठेवावे, अशी सोय केली. आणि तेथे जन्मलेल्या मुलालाच पुढे दत्तक घेऊन यशवंत म्हणून वाढविले.

आता आपण काय करावे? तन, मन आणि धन ही तीन अर्पणे आपण नित्य उच्चारतो. त्याच क्रमाने पाहू.

पहिला दासोह तनाचा. मूल सांभाळणे हे शरीराचे काम आहे, त्याला पैसा लागत नाही, माणूस लागते. सौंसर-पांढुर्ण्याकडे कापूस वेचणी आणि संत्र्याची तोडणी अशी कामे हंगामावर चालतात. त्या दिवसांत जी राबली तिच्या घरी पुढे धान्य असते. नेमक्या त्याच दिवसांत तान्हे मूल असलेली बाई घरी अडकते, किंवा झाडाला झोळी बांधून मूल उन्हात ठेवते. देशाच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने या गोष्टीची दखल घेतली होती. कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिलाही मजुरी द्यावी, असे त्यात घातले होते. मूल सांभाळणे हेही मजुरीचे काम आहे, हे कायद्याने मानले. मग आपल्या शेतावर का मानू नये? ज्यांच्या संत्र्याच्या बागा आहेत, त्यांनी दहा बाया कामाला लावताना अकरावी सावलीत बसवावी. तिच्या रोजाने बागाइतदार बुडत नाही.

तनाच्या दासोहात दुसरे काम कागदाचे. आपल्या भागाची अडचण इतरांपेक्षा वेगळी आहे. आपल्या लेकी नागपूर, काटोल, वरूड, मोर्शीकडे जातात आणि तिकडच्या इकडे येतात. सोयरीक सीमा मानीत नाही, कचेरी मानते. नवरा गेला किंवा त्याने टाकले, की लेक माहेरी येते, पण तिचे नाव तिकडच्या शिधापत्रिकेत राहते आणि इकडच्या 'समग्र' नोंदीत चढत नाही. नाव चढले नाही, तर राज्याची कोणतीही योजना तिच्यापर्यंत पोचणे कठीण. शिवाय शाळा मराठीतून झालेली आणि अर्ज हिंदीत. मन्मथस्वामींनी परमरहस्य मराठीत सांगितले, ते याचसाठी की ज्ञान भाषेपायी कोणाला अडू नये. आमच्या शिकलेल्या तरुणांनी एवढे केले तरी पुरे. मृत्यूचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, आधार, बँकेचे खाते आणि समग्र नोंद, ही पाच कामे घेऊन तिच्याबरोबर कचेरीत जावे आणि काम होईपर्यंत परत परत जावे. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा नवा झाला आणि सौंसर त्यात आले. कोणते काम कोठे होते, हे आधी अंगणवाडीत विचारून मगच निघावे, म्हणजे तिचा रोज बुडत नाही.

दुसरा दासोह मनाचा. मध्य प्रदेश शासनाने विधवा या शब्दाऐवजी 'कल्याणी' हा शब्द स्वीकारला आणि २०१८ पासून अठरा वर्षांवरील कल्याणींसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली. कल्याणी हा शब्द ऐकला, की आपल्याला बसवण्णांचे कल्याण आठवावे. पण शब्द बदलून मन बदलत नाही. कागदावर कल्याणी आणि बारशाला, हळदीकुंकवाला मात्र मागच्या दारी, असे चालत असेल तर पंचसूतकांचा निषेध आपण फक्त भाषणात करतो. जिला नवऱ्याने टाकले तिच्याकडे 'हिचेच काही चुकले असेल' अशा नजरेने पाहणे, हेही सूतक पाळणेच होय. तिला पहिल्या रांगेत बसवा. तिच्या बाळाचा लिंगधारण विधी इतरांच्या बाळासारखाच वाजतगाजत करा. आणि तिची मदत करताना फोटो काढू नका. ही सूचना सर्वांत आधी आम्ही स्वतःला करीत आहोत.

तिसरा दासोह धनाचा. येथे पहिली गोष्ट ही, की जे तिच्या हक्काचे आहे ते तिला मिळवून द्यावे. केंद्राची मातृवंदना योजना २०१७ पासून आहे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. २०२२ च्या नव्या नियमांनुसार ते ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत येतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. याच नव्या नियमांत पतीच्या आधारची सक्ती काढून टाकली आहे, ती एकट्या आणि टाकलेल्या मातांसाठीच. 'नवऱ्याचा कागद नाही' म्हणून कोणी तिला परत पाठवीत असेल, तर हे नम्रपणे, पण ठामपणे सांगावे. असंघटित श्रमिक म्हणून नोंद असलेल्या बाईसाठी मध्य प्रदेशाने २०१८ मध्ये १६,००० रुपयांपर्यंत प्रसूति-साहाय्य ठरविले. म्हणून गर्भारपणातच नोंद करून घ्यावी.

यापेक्षाही कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे २०२२ ची मिशन वात्सल्य योजना. आई विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेली असेल, तर घरीच वाढणाऱ्या मुलासाठी दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्वाची तरतूद तीत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांपर्यंत असावे, अशी मर्यादा आहे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण एककाकडे जातो. मूल अनाथाश्रमात न जाता आईजवळच वाढावे, हा तिचा हेतू आहे आणि तो आपल्या दासोहाला अगदी जवळचा आहे.

कोणी म्हणतात, असे पैसे वाटून लोक आळशी होतात. त्यांनी एक हिशेब करावा. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असे वैद्य सांगतात. मातृवंदनेचे ५,००० रुपये त्या १८० दिवसांवर वाटले, तर दिवसाला अठ्ठावीस रुपयेही पडत नाहीत. दुसरीकडे, कारखान्यात किंवा कचेरीत नियमित नोकरी करणाऱ्या स्त्रीला १९६१ च्या प्रसूति-लाभ कायद्यातील २०१७ च्या सुधारणेने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा दिली, आणि ती तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतली गेली. ती रजा योग्यच आहे. पण दोन्ही बाळांची भूक एकच आहे. सहा महिने पगार घेऊन बाळाजवळ राहणारीला कोणी आळशी म्हणत नाही. मग अठ्ठावीस रुपयांत तेच करणारीला का म्हणावे?

ज्यांची दुकाने, कारखाने, आडती आहेत, त्यांना धनाच्या दासोहात आणखी एक काम आहे. ठेकेदारामार्फत आलेल्या बाईलाही प्रसूतीचा लाभ लागू होतो, हे मालकाने विसरू नये. कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्यांनी मनाच्या कक्षेत यावे. बसून करण्याजोगी कामे, जसे संत्र्याची प्रतवारी, धान्य निवडणे, शिवण, ही आधी तान्हे मूल असलेल्या बाईला द्यावीत. दूध पाजण्याचा वेळ रोजातून कापू नये. उचल दिली तर तिच्यावर व्याज लावू नये. मजुरी सायंकाळी हातात द्यावी, कारण तिच्या घरी उद्याची वाट पाहणारे पोट तान्हे आहे.

येथे एकट्या बापाचाही विचार केला पाहिजे. बाळंतपणात बायको गेलेला मजूर आमच्या पाहण्यात आहे. आईच्या नावाने योजना आहेत, त्याच्या नावाने फारशा नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरीतील एकट्या पित्यांना २०१८ मध्ये बालसंगोपन रजा मिळाली, पण रोजंदारीवरच्या बापाला तिचा काय उपयोग? त्याला लोक एकच सल्ला देतात, दुसरे लग्न कर. मूल सांभाळायला बायको आणा, हा सल्ला मुलाच्याही हिताचा नाही आणि येणाऱ्या स्त्रीच्याही मानाचा नाही. त्यालाही ओटा हवा, आजी हवी, लवकर सुटणारे काम हवे.

सौंसरजवळ मोहगावला अर्धनारीश्वराचे देवालय आहे. आपण इष्टलिंगाचे उपासक; स्थावराची पूजा हा आपला मार्ग नव्हे. तरी त्या रूपाचा अर्थ आपल्याला घेता येतो. एकटी आई किंवा एकटा बाप म्हणजे एकाच देहात दोन्ही अर्धे वाहणारे माणूस. आपण त्याला दुरून हात जोडतो आणि म्हणतो, धन्य आहे बाई तुझी! त्याऐवजी त्यातला एक अर्धा समाजाने उचलला, तर ते ओझे माणसाला पेलेल एवढे होईल.

शेवटी पुन्हा लक्कम्मांकडे येऊ. त्यांनी जास्तीचा तांदूळ परत केला, पण अंगण बंद करा असे त्या म्हणाल्या नाहीत. दाणे वेचायला अंगण हवेच होते. बसवण्णांच्या महामनेने ते अंगण सर्वांसाठी उघडे ठेवले, हाच खरा आधार होता. आपले कामही तेवढेच आहे. दाणे उधळायचे नाहीत, अंगण उघडे ठेवायचे.

म्हणून या महिन्यापुरता एकच नियम घ्यावा. आपल्या गल्लीत, आपल्या शेतावर, आपल्या दुकानात एकट्याने मूल वाढविणारे कोण आहे, ते प्रत्येक घराने आधी शोधावे. मग त्याला काही देण्यापूर्वी विचारावे, "तुमचे काम कशापायी अडले आहे?" जे उत्तर येईल तेवढेच करावे, कमी करू नये आणि मोठेपणासाठी जास्तही करू नये. ज्या आजींनी आम्हाला हे शिकविले, त्या मूल कडेवर घेऊन दुपारच्या उन्हात बांधापर्यंत जात होत्या. त्यांच्या पावलांना आमचे शरणु.

॥ सर्वांचे कल्याण असो ॥